पानिपतचे सोळाशे मीटर आणि कुशीतली कळ

सगळ्यांना सप्रेम जय भीम आणि नमस्कार. आधी तब्येती. वर्ध्याच्या लीलावहिनी, गुडघा कसा आहे? वाटी बदलून दोन महिने होत आले, आता काठी सुटली असेल. नोएडाचे देशपांडे, शुगर काय म्हणते? यवतमाळचा आमचा सुधाकर, तुझा खोकला दिवाळीपासून चालू आहे, एकदा छातीचा फोटो काढून घे, ओवा चघळून तो जाणार नाही. पुण्याची रश्मी, बाळाचे दात आले का, की अजून रात्रभर जागरण? आणि आमच्याच सोसायटीतल्या कौसरताई, पाठीला शेक देताय ना? माझी विचाराल तर तब्येत ठणठणीत. डोकं मात्र तापलेलं आहे, आणि ते का, हे सांगायलाच आज ब्लॉग लिहायला बसलोय.

आमच्या नातीला, प्रज्ञाला, तुम्ही ओळखता. वय एकोणीस. बारावीनंतर तिने डोक्यात घेतलं की वर्दी घालायची. केंद्रीय दलाच्या शिपाईभरतीची लेखी परीक्षा ती पास झाली. पुढे धावण्याची चाचणी. मुलींना सोळाशे मीटर, वेळ साडेआठ मिनिटं. एकदाच पळायचं. साडेआठच्या वर एक सेकंद गेला की घरी, मग पुढची भरती कधी निघेल ते देव जाणे. केंद्र आलं पानिपतला. तिच्या बापाला सुट्टी नाही, आईची शाळेत परीक्षेची ड्यूटी. म्हणजे सोबतीला कोण? आबा. रिकामा माणूस घरात एकच.

आता काळजीची गोष्ट. तीन महिने मी दर रविवारी तिच्याबरोबर दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या पार्कात जात होतो. मी बाकावर घड्याळ धरून बसायचो, ती पळायची. आणि दर रविवारी तिसऱ्या चक्कराला हिच्या उजव्या बरगडीखाली कळ. हात कुशीत घालायची, वाकायची आणि चालायला लागायची. साडेआठचे साडेनऊ व्हायचे. कॉलनीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, म्हणाले काही नाही, पळताना होतं असं. काही नाही म्हणे. मी विचारलं, का होतं? ते म्हणाले, होतं. मी प्रज्ञाकडे बघितलं, तर ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

फेब्रुवारीचा शेवट होता. चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो: द्वारकेहून ब्लू लाइनने राजीव चौक, तिथे बदलून यलो लाइनने कश्मीरी गेट. वर आलं की हरियाणा रोडवेजच्या बसगाड्या उभ्या असतात, पानिपत दोन-सव्वादोन तास, तिकीट सव्वाशेच्या आसपास. हे सगळं मला पाठ होतं. पण बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मला वाटलं पोरगी उभ्याने गेली तर पाय दुखतील. म्हणून शेअर टॅक्सी केली. माणशी अडीचशे. ही पहिली चूक. सात जणांच्या गाडीत नऊ जण, प्रज्ञाचे पाय दोन तास छातीशी दुमडलेले.

गाडी निघाल्यावर मी शेजारच्या बाईंना सहज सांगितलं की नातीची उद्या दौड आहे आणि तिला पळताना कुशीत कळ येते. एवढं म्हणायचा अवकाश, गाडीतले सगळे वैद्य झाले. शेजारच्या बाई म्हणाल्या हिंग लावा बेंबीला. मागचे सरदारजी म्हणाले पोटाला दुपट्टा आवळून बांधा. एक बँकेतले गृहस्थ होते, त्यांनी सांगितलं मुठीत खडा धरून पळायचं, दुखणं खड्यात जातं. मी विचारलं खड्यात कसं जाईल, तर म्हणाले, अंकलजी, विश्वास ठेवावा लागतो. ड्रायव्हरने तर गाडी चालवता चालवता मागे वळून सांगितलं की त्याच्या मामाला अशीच कळ यायची, नंतर पथरी, म्हणजे मुतखडा, निघाली. प्रज्ञाने कानात वायर घातली आणि डोळे मिटले.

मुरथलला ड्रायव्हरने न विचारता गाडी ढाब्यात घातली. त्याचं जेवण तिथे फुकट असतं, हे उघड आहे. आता मुरथलला आलं की माणूस पराठा खातोच. बटाटा-कांद्याचा, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. पोरीने एक मागितला, मी दोन मागवले. शिवाय लस्सी. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, ताकद कुठून येणार? दोघांचे साडेचारशे रुपये झाले, आणि पराठा चांगला होता, ते नाकारत नाही.

पानिपतला बसस्टँडजवळ खोली घेतली, दोन खाटांची, अकराशे. गरम पाणी बादलीने मिळतं, सकाळी पाचला सांगून ठेवावं लागतं. घरून शकूची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची, यादी होती: दोन खेस, म्हणजे तिकडच्या जाड सुती चादरी, एक डबल बेडशीट, कैरीचं लोणचं. बाजारात खेस खरंच स्वस्त आणि जाड मिळतात. हात लावून घ्या, नुसत्या रंगाला भुलू नका. आणि पानिपतला गेलात म्हणजे लढाईच्या स्मारकाचा काळा आंबा बघितला असेलच, असं मला आतापर्यंत चौघांनी विचारलंय. नाही बघितला. मराठी माणूस पानिपतला दुसऱ्या कामाने जाऊ शकतो.

दुपारी साडेचारला ठरवलं, मैदान एकदा बघून यावं आणि हलके दोन-तीन चक्कर मारून घ्यावेत. चाचणीच्या मैदानाशेजारी मोकळी जागा होती, तिथे दहाबारा मुली पळत होत्या आणि एक बाई शिटी घेऊन मधोमध उभी होती. पस्तिशीची, विटका ट्रॅकसूट, पायात चांगले बूट. मुली तिला मॅडम म्हणत होत्या. मी पिशवीतून स्टीलची बाटली काढली आणि प्रज्ञाला नेहमीसारखी प्यायला दिली.

ही बाटली समजावून सांगायला हवी. मी सरकारी छापखान्यात जुळारी होतो. शाळा सातवीपर्यंत, बाकी जे शिकलो ते खिळे जुळवता जुळवता. सत्तावीस वर्षं हिंदी विभागात. जुळाऱ्याचं वाचन असं असतं की पुस्तक कधी पुरं मिळत नाही, पानं मिळतात. माझ्याकडे आठवं, शेजारच्याकडे नववं. एकदा एका आरोग्यपुस्तिकेचं एक पान माझ्या वाट्याला आलं होतं. त्यात खाली होतं की धावपटूने साखर आणि मीठ घातलेलं पाणी भरपूर प्यावं. पान तिथे संपलं. ते मी डोक्यात ठेवलं, आणि इतक्या वर्षांनी नातीच्या कामी येतंय म्हणून मला आनंद झाला होता. दर रविवारी पहाटे चारला उठायचं, चार लिंबं पिळायची, अर्धा लिटर पाणी, पाच चमचे साखर, दोन चमचे ग्लुकोज, मीठ. पळायच्या दहा मिनिटं आधी ती बाटली संपवायची, असा नियम.

प्रज्ञाने बाटली संपवली, पळायला लागली आणि दुसऱ्याच चक्कराला कुशीत हात घालून थांबली. या वेळी तर डोळ्यात पाणी. उद्या सकाळी चाचणी, आणि हे.

मॅडम आपल्या मुली सोडून आल्या. मी आपला काळजीने सगळं सांगितलं. सकाळचा पराठा, दुपारी हॉटेलातला राजमा-भात, चारला दोन केळी, आणि आत्ताची बाटली, तिच्यातल्या चमच्यांसकट. मी ते थोडं अभिमानानेच सांगितलं असणार, कारण त्या कमरेवर हात ठेवून ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ताऊ, छोरी दौड़ण आई है के बरात में?"

पलीकडच्या दहाबारा मुली खो खो हसल्या. प्रज्ञासुद्धा हसली, कळ येत असताना.

मी म्हटलं, पण मॅडम, साखरमिठाचं पाणी तर प्यायचंच असतं ना, छापलेलं आहे. त्या म्हणाल्या, "दौड़ के बाद, ताऊ. बाद में."

म्हणजे नववं पान.

आता त्यांनी जे सांगितलं ते नीट लिहितो, कारण तुमच्यापैकी दोघातिघांची मुलं पळतात. पोटाच्या आतून एक पातळ अस्तर असतं. पोट तुडुंब भरलेलं असलं आणि माणूस धावायला लागला की त्याला हिसके बसतात, ते घासतं, आणि बरगडीखाली कळ उठते. गोड दाट पेय सगळ्यात वाईट, ते पोटातून लवकर खाली उतरत नाही, डुचमळत राहतं. श्वासाचा पडदाही तिथेच असतो. माणूस घाबरून उथळ श्वास घेतो किंवा सुरुवातीलाच सुसाट सुटतो तेव्हा तो ताणला जातो, तसंच पाठीला कुबड काढून पळालं तरी होतं. नक्की यातलं कारण कोणतं हे मोठमोठ्या डॉक्टरांनाही अजून छातीठोक सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या, आणि मला हे आवडलं. दिवसभरात भेटलेला हा पहिला माणूस ज्याला सगळं माहीत नव्हतं.

उपाय असे. पळायच्या आधी दोन-तीन तास जड काही नाही. पाणी घोट घोट, आणि साधं. कळ आली तर थांबून खाली बसायचं नाही, वेग थोडा कमी करायचा. जिथे दुखतं तिथे मूठ आत दाबायची, किंचित पुढे झुकायचं, पोट आवळायचं आणि मेणबत्ती विझवावी तसा तोंडाने लांब श्वास सोडायचा. कळ उजवीकडे असेल तर डावा पाय टेकताना श्वास सोडायचा. आठदहा श्वासांत बहुतेक वेळा उतरते. थांबल्यावरही दुखत राहिलं, किंवा कळ छातीत, खांद्यात गेली तर मात्र पळणं बंद आणि डॉक्टर. माझ्या वयाच्या मंडळींनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

मॅडमनी प्रज्ञाला तिथेच मूठ दाबून, फुंकर मारत शंभर मीटर पळवलं. मग पुन्हा. मग पुन्हा. मी माझी रिकामी बाटली पिशवीत ठेवली आणि बाजूला उभा राहिलो. पैसे विचारले तर त्यांनी हात झटकला आणि म्हणाल्या, "सुबह इसको आधा केला, दो घूँट पानी. और कुछ मत खिलाना, बस."

सकाळी पाचला शकूचा फोन. आमच्याकडे परीक्षा असो, प्रवास असो, घराबाहेर पडताना तळहातावर दही-साखर ठेवल्याशिवाय पोर निघत नाही. प्रज्ञाने बालवाडीपासून एकही पेपर दही-साखरेशिवाय दिलेला नाही. शकूने काल छोट्या डब्यात विरजण बांधून दिलं होतं, सोबत साखरेची पुडी. फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच. मी म्हटलं, दिलं. आणि ते मी प्रज्ञासमोर म्हटलं, तेव्हा ती हात पुढे करूनच उभी होती.

आता चमचाभर दह्याने काय होतं, हे मलाही कळतं. पण मला कालच्या मुलींचं हसणं ऐकू येत होतं, आणि आमचा चमचा कधी चमचाभर राहत नाही हेही मला ठाऊक आहे. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "आबा, यार, एवढंसं तर असतं." मी म्हटलं, एवढंसं पण नाही. मग तिने हात खाली घेतला आणि बुटांच्या नाड्या बांधायला लागली. सहा वाजता अर्धं केळं आणि दोन घोट पाणी, मॅडमनी सांगितलं होतं तेवढंच. ई-रिक्षात मैदानापर्यंत ती बाहेरच बघत बसली. वीस रुपयांचं अंतर, मला वीस मैल वाटलं.

पालकांना आत सोडत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या. फाटकाबाहेर चहाची टपरी आहे, आणि तिच्यापुढे शंभरेक बाप, काका, भाऊ उभे असतात, सगळे एकाच भिंतीकडे बघत. भिंतीपलीकडे काही दिसत नाही. कागद तपासणीत दोन तास गेले. साडेआठच्या सुमाराला मुलींच्या तुकड्या सुटायला लागल्या. शिटी ऐकू यायची, मग पायांचा आवाज, मग काहीच नाही, मग पुन्हा पायांचा आवाज, असे चार वेळा. मी घड्याळ लावायचो, पण यातल्या कोणत्या शिटीला आमची पळतेय हेच कळत नव्हतं. पाच तुकड्यांची वेळ लावली मी. शेजारच्या सोनीपतच्या गृहस्थांनी विचारलं, तुमची कितव्या नंबरची? मी म्हटलं ठाऊक नाही. ते म्हणाले, मग घड्याळ कशाला बघता? मी बघत राहिलो.

बाहेर यायचं फाटक वेगळं होतं, टपरीच्या पलीकडे. मुली एकेक करून येत होत्या. काही हसत, काही बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून. प्रज्ञा आली ती लंगडत, तोंड लालबुंद. आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, "आठ एकोणीस. झालं."

अकरा सेकंद राहिले होते. मी तिथेच टपरीच्या बाकावर बसलो.

परतीला रोडवेजची बस घेतली, खिडकीची जागा मिळाली, आणि गाडी समालखा सोडेपर्यंत तिने मला सगळी दौड सांगितली. सुरुवातीला सगळ्या मुली सुसाट सुटल्या, तिलाही थांबवेना. तिसऱ्या चक्कराला कळ आलीच. मला धक्का बसला. रिकाम्या पोटी? ती म्हणाली, घाबरून श्वास वरच्यावर चालला होता, म्हणून. तिने मूठ दाबली, वेग सोडला. दोन मुली तिच्या पुढे गेल्या, तेव्हा तिला वाटलं की संपलं. मग डाव्या पायाला फुंकर, पुन्हा डाव्या पायाला फुंकर. अर्ध्या चक्करात कळ सैल झाली. शेवटच्या चक्कराचं तिला काही आठवत नाही.

मी म्हटलं, बघ, मॅडम भेटल्या नसत्या तर मी आज तुला ती बाटली पाजली असती आणि तुझं वर्ष गेलं असतं.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नसते प्यायले. आत नेऊन कुंडीत ओतून देणार होते."

मी विचारलं, म्हणजे?

"मला माहीत होतं, आबा. डिसेंबरपासून माहीत आहे. रोज सकाळी आमच्या ग्रुपबरोबर पळते तेव्हा दुखत नाही. फक्त रविवारी दुखतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा जो संताप आला तो कुठे ठेवू असं झालं. डॉक्टरांकडे कॅलेंडर वाचत बसली होती ही पोरगी. दर रविवारी कुशीत हात घालून वाकायची, मी बाकावरून ओरडायचो की अजून दोन लिंबं पिळायला हवी होती, आणि ही मान डोलवायची. मी म्हटलं, तोंड नव्हतं तुला? एकदा म्हणायचं होतंस की आबा, हे पाणी नको.

"तुम्ही चारला उठायचे ना," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "आणि आजी म्हणाली, सांगू नको. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा आबा एखाद्या कामाला उठतायत."

मुरथल आलं आणि गेलं, बस थांबली नाही. तिला वाटलं मी रागावलोय, आणि रागावलोच होतो. थोड्या वेळाने तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपली. कश्मीरी गेटपर्यंत माझा खांदा बधिर झाला, तोही मी हलवला नाही, म्हणजे बघा मीही कसा आहे.

घरी आल्यावर पेढे, फोन, शेजारपाजार, सगळं झालं. मग शकूने पिशवी उपसली आणि दह्याचा डबा तसाच भरलेला सापडला. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघतेस काय, तू तीन महिने पोरीला मुकाट प्यायला लावलंस. ती म्हणाली, तुम्ही फोनवर दिलं म्हणालात ते चालतं, आणि मी गप्प राहिले ते नाही? मी म्हटलं, मला कुणी कामाला लावायची गरज नाही. ती म्हणाली, बरं, मग उद्या चारला उठू नका. आणि खेसांची घडी घालायला लागली. खेस तिला आवडले, तेवढं बोलली.

या गोष्टीला आता बारा दिवस झाले. प्रज्ञाची मेडिकल पुढच्या महिन्यात आहे. पाय बरे आहेत, कळ नाही. पराठ्याची चव विसरलो, टॅक्सीवाल्याचा राग गेला. एकच गोष्ट मनातून जात नाही. मला सारखं वाटतं की घरात आणखी काय काय असं चाललं असेल. मी इथे ब्लॉगवर दर महिन्याला तुम्हाला काढे सांगतो, प्रवासाच्या वाटा सांगतो, कुणाला काय खावं ते सांगतो, आणि तुम्ही लिहिता की छान, आबा, उपयोग झाला. खरंच झाला का? की तुम्हीही कुंडीत ओतताय?

मला कळू द्या. मी काचेचा नाही, फुटणार नाही. फार तर एक दिवस घुम्यासारखा बसेन, शकूशी भांडेन आणि दुसऱ्या दिवशी चहा मागेन. पण माझ्यासाठी कुणी कळ सोसू नये. लीलावहिनी, गुडघ्याला मी सांगितलेला एरंडाचा पाला तुम्ही बांधलात की नाही, ते स्पष्ट लिहा. सुधाकर, तूही. दोन ओळी लिहा, पण लवकर लिहा, मी वाट बघतोय.